मागचे ब्रेक मुद्दाम कमजोर का ठेवतात? एका जुन्या खटल्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात हॅचबॅक उभी आहे त्यांनी तरी सवडीने वाचा.

महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मागं ड्रम आहेत, काढून डिस्क टाकू का?" एकाची स्विफ्ट, एकाची जुनी आय-ट्वेंटी, एकाची पोलो. तिघांच्या डोक्यात हिशेब एकच: डिस्क चांगली, ड्रम जुनाट. पुढे डिस्क आहेच, मागेही टाकली की गाडी दुप्पट लवकर थांबणार. उद्यमनगरात असं काम करून देणारे हात आहेत, भंगारातल्या मोठ्या गाडीचा मागचा हब आणि कॅलिपर मिळतात, ब्रॅकेट लेथवर बनतं. काम फक्कड दिसतं. अलॉय व्हीलच्या आतून चकचकीत डिस्क दिसली की पोरं खूश.

माझं उत्तर तिघांनाही एकच होतं, की आधी १९८० सालच्या शेवरोले सायटेशनची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या सरकारने देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीला कोर्टात खेचलं होतं, आणि भांडण होतं फक्त मागच्या ब्रेकचं. ते ब्रेक लागत नाहीत अशी तक्रार नव्हती. ते फार लवकर लागतात, अशी होती.

पण त्याआधी थोडं गणित, नाहीतर गोष्ट कळणार नाही.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, चाकं फिरवणारे शाफ्टही पुढे. मागे काय? पेट्रोलची टाकी, सीट आणि डिकी. समजा ड्रायव्हरसकट ९०० किलोची गाडी आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर साधारण ५६० किलो आणि मागच्यांवर ३४० असं धरू. आता कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक दाबला. गाडी नाक खाली करते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. त्या क्षणी मागचं जवळजवळ १५० किलो वजन पुढे सरकतं. पुढे झाले ७१०, मागे राहिले १९०. म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून दोन-अडीच माणसांचं वजन. एवढ्या वजनाखाली टायर रस्त्याला किती धरणार? जेवढी पकड तेवढाच ब्रेक कामाचा. त्याहून जास्त दाबलात तर चाक जाम होतं आणि नुसतं घासत जातं.

पुढचं चाक जाम झालं तर काय होतं? गाडी सरळ जाते, स्टेअरिंग ऐकत नाही. वाईटच आहे, पण पाय जरा उचलला की स्टेअरिंग परत येतं. मागचं जाम झालं तर प्रकार वेगळा. घासणाऱ्या टायरला आडव्या दिशेने काहीच धरवत नाही. पुढची चाकं अजून धरून आहेत, मागची सुटली. मग गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. रस्ता थोडा कलता असला, स्टेअरिंग केसभर वळलेलं असलं, तेवढं पुरतं. सेकंदाभरात गाडी आडवी. सामान्य ड्रायव्हरला ती सावरायला वेळच मिळत नाही. मैदानात हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन फिरवणारी पोरं पाहिली असतील. ते मागची चाकं जाम करण्याचंच प्रात्यक्षिक आहे. तेच आंबा घाटात, पहिल्या पावसात, समोरून एसटी येत असताना, मनात नसताना झालं तर काय, याची कल्पना करा.

म्हणून जगभरचे इंजिनिअर एका गोष्टीवर ठाम असतात: जाम व्हायचीच असतील तर आधी पुढची चाकं होऊ देत. मागच्यांची पाळी नंतर. मागचे ब्रेक लहान असतात ते कंपनीने पैसे वाचवले म्हणून, असं आपल्याला वाटतं. ड्रम स्वस्त पडतो हे खरंच आहे. पण डिस्क बसवली तरी मागचा वाटा लहानच ठेवावा लागतो.

अडचण अशी की हा वाटा एका जागी ठरत नाही. ओल्या रस्त्यावर तुम्ही कोरड्याइतका कडक ब्रेक लावूच शकत नाही, त्यामुळे वजन कमी सरकतं आणि मागच्या चाकांवर त्यामानाने जास्त उरतं. मागे तीन माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असली तर आणखी वेगळं. एकटे असलात तर आणखी वेगळं. म्हणजे मागचा ब्रेक किती हवा, याचं उत्तर दर वेळी बदलतं.

या प्रश्नाशी झटापट जुनी आहे. सित्रोएनने १९५५ साली डीएस ही गाडी आणली. इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांवर. पुढे डिस्क, मागे ड्रम. तिचं सस्पेन्शन तेलाच्या दाबावर चालायचं. मागे जितकं ओझं जास्त, तितका मागच्या सस्पेन्शनमध्ये दाब जास्त. त्या इंजिनिअरांनी मागच्या ब्रेकला दाब तिथूनच दिला. मागे ओझं वाढलं की ब्रेकची ताकद आपोआप वाढणार, कमी झालं की घटणार. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, नुसतं तेल आणि पाइप. मला आजही ही कल्पना मोटारीच्या इतिहासातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. चार वर्षांनी, १९५९ मध्ये, इंग्लंडात अ‍ॅलेक इसिगोनिसची मिनी आली. ती गरिबाची गाडी, तिला असले लाड परवडणारे नव्हते. तिच्या मागच्या ब्रेकच्या पाइपात एक साधा व्हॉल्व्ह बसवला: मागचा दाब याच्यापुढे जाऊ द्यायचा नाही. काम झालं.

तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत असा काहीतरी पहारेकरी असतो. कुठे मास्टर सिलिंडरला चिकटलेला छोटा व्हॉल्व्ह. कुठे मागच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंगने जोडलेला व्हॉल्व्ह, जो गाडी मागून किती दबलीय ते बघून दाब सोडतो. तो स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह गंजून अडकलेला मी कित्येक गाड्यांत पाहिलाय. मालकाला तो आहे हेच माहीत नसतं.

आता सायटेशन.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तिथल्या मोटारी म्हणजे अवाढव्य बोटी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या. १९७५ साली सरकारने कायदा करून कंपन्यांना मायलेज वाढवायला लावलं. जनरल मोटर्सने अब्जावधी डॉलर ओतून छोट्या, हलक्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांचं एक नवं कुटुंब तयार केलं. एकाच सांगाड्यावर चार नावं: शेवरोले सायटेशन, पाँटियाक फिनिक्स, ओल्डस्मोबील ओमेगा, ब्युइक स्कायलार्क. कंपनीत या कुटुंबाला एक्स-बॉडी म्हणत, लोक एक्स-कार म्हणू लागले. एप्रिल १९७९ मध्ये त्या बाजारात आल्या, १९८० सालचं मॉडेल म्हणून. इराणमध्ये क्रांती होऊन तेल पुन्हा भडकलं होतं, त्यामुळे मुहूर्त असा लागला की विचारू नका. पहिल्याच मोसमात एकट्या सायटेशनचे आठ लाखांवर नग खपले. एका बड्या मोटार मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम गाडीही ठरवलं.

आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. मध्यम जोराचा ब्रेक लावला, रस्ता थोडा ओला होता, आणि गाडी मागून घसरून फिरली. एकाची, दहाची, शंभराची तीच कहाणी. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं रस्ते सुरक्षेचं खातं १९७९ सालीच चौकशीला लागलं.

या गाड्यांतही पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मधे पहारेकरी व्हॉल्व्ह होता. हा व्हॉल्व्ह ठरावीक दाबापर्यंत पुढे-मागे सारखंच तेल सोडतो. त्यापुढे पायाने दाब वाढवला की वाढीव दाबातला काही हिस्साच मागे जातो. सुरुवातीच्या काही गाड्यांत हा हिस्सा ४१ टक्के होता. त्या गाड्यांना मागचं लायनरही जास्त चावरं होतं, म्हणजे ड्रमला पटकन धरणारं. दोन्ही एकत्र आल्यावर मागची चाकं लवकर जाम होण्याची भीती वाढली. कंपनीने पुढच्या गाड्यांत हिस्सा २७ टक्क्यांवर आणला. ४१ आणि २७. कागदावर बघितलं तर किरकोळ फरक. हाताच्या अंगठ्याएवढा एक भाग बदलला.

लायनर चावरं का ठेवावंसं वाटतं, तेही सांगतो, कारण आपल्या डिस्कवाल्या मंडळींना ते लागू आहे. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. चढावर उभी केलेली गाडी त्याने धरून ठेवायची असते, आणि गिअरच्या गाडीला ऑटोमॅटिकसारखी पार्किंगची कळ नसते. म्हणजे मागच्या ब्रेकने उभी गाडी घट्ट धरायची आणि पळत्या गाडीत मात्र हलकं राहायचं. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. इंजिनिअरला यातून वाट काढायची असते.

जनरल मोटर्सने १९८१ मध्ये सुमारे ४७ हजार गाड्या परत बोलावून व्हॉल्व्ह बदलून दिला. १९८३ च्या सुरुवातीला आणखी सुमारे दोन लाख ४० हजार. सरकारला हे पुरेसं वाटलं नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये न्याय खात्याने कंपनीवर खटला भरला: १९८० सालच्या सगळ्या, म्हणजे सुमारे ११ लाख एक्स-कार परत बोलवा आणि दंड भरा. आरोप नुसता सदोष ब्रेकचा नव्हता. गाडी विक्रीला येण्याआधीच कंपनीला हे ठाऊक होतं आणि चौकशीत तिने दिशाभूल करणारी उत्तरं दिली, असंही सरकारचं म्हणणं होतं.

वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांच्यापुढे महिनोन्‌महिने साक्षी झाल्या. (हेच ते जॅक्सन, ज्यांनी पुढे २००० साली मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करा असा आदेश दिला होता.) ज्यांची गाडी फिरली ते ड्रायव्हर आले, इंजिनिअर आले, आकडेशास्त्राचे जाणकार आले. आणि एप्रिल १९८७ मध्ये निकाल लागला. सरकार हरलं.

कारण? प्रत्येकच गाडी कधी ना कधी घसरते. या गाड्या त्यांच्यासारख्या इतर गाड्यांपेक्षा जास्त घसरतात आणि त्यातून जास्त अपघात होतात, हे सरकारला दाखवता आलं नाही. ड्रायव्हरांच्या कहाण्या हृदयद्रावक असतील, पण मागची चाकं आधी जाम झाल्यामुळेच ती गाडी फिरली, याचा पुरावा रस्त्यावर उरत नाही. अपघातानंतर काय मोजणार? घासल्याचे काळे पट्टे आणि लोकांच्या आठवणी. १९८८ मध्ये वरच्या कोर्टानेही निकाल कायम केला.

माझं मत विचाराल तर मला हा निकाल कायद्याच्या चौकटीत बरोबर वाटतो आणि तरीही अस्वस्थ करतो. कंपनीने स्वतः ४१ चे २७ केले, दोनदा गाड्या परत बोलावल्या, म्हणजे तिच्या इंजिनिअरांना काहीतरी दिसत होतं. पण "दिसत होतं" आणि "कोर्टात सिद्ध झालं" यांत मोठं अंतर असतं. लोकांनी मात्र आपला निकाल बाजारात देऊन टाकला होता. सायटेशनचा खप कोसळत गेला. १९८५ साली ती बंद झाली, तेव्हा वर्षाला लाखभरही जात नव्हती.

या प्रकरणातून धडा घेतला तो नियम लिहिणाऱ्यांनी. एकेका घसरलेल्या गाडीवर भांडण्यापेक्षा, कुठल्या परिस्थितीत कुठली चाकं आधी जाम होतात हे विक्रीआधीच मोजायचं, ही पद्धत पक्की झाली. युरोपात मोटारींच्या ब्रेकचा तसा नियम आहे. अमेरिकेनेही १९९५ साली नवा नियम आणून त्यात चाकं जाम होण्याच्या क्रमाची चाचणी घातली: पुढची आधी, मागची नंतर, आणि ते निसरड्यापासून चांगल्या रस्त्यापर्यंत सगळीकडे. आपल्याकडेही नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी ब्रेकच्या चाचण्या होतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यातली मोठी संस्था. थोडक्यात, तुमच्या गाडीतलं पुढचं-मागचं प्रमाण हे कुणी अंदाजाने ठेवलेलं नाही. ते मोजून, तपासून, शिक्का मारून आलेलं आहे.

आता आपल्याकडे या. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली, आणि काही वर्षांतच भारतातला मध्यमवर्ग मागच्या ओढीच्या अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या पद्मिनीवरून पुढच्या ओढीच्या गाडीवर आला. ब्रेक मारला की मागे काय होतं, याबद्दल आपल्याला कुणीच काही सांगितलं नाही. १९९८ ची इंडिका, मग बाकी सगळ्या. पुढे डिस्क, मागे ड्रम, हेच सूत्र. नंतर गाड्यांच्या जाहिरातीत "चारही चाकांना डिस्क" ही ओळ ठळक अक्षरांत यायला लागली आणि मागचा ड्रम म्हणजे गरिबी, असं समीकरण तयार झालं. (गंमत म्हणजे फोक्सवॅगनने २०२० च्या आयडी-३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रम दिले. मोटरच वेग कमी करते, मागचा ब्रेक क्वचित लागतो, आणि न वापरलेली डिस्क गंजते.)

दुसरीकडून आली शर्यतीची विद्या. साठच्या दशकात साब आणि मिनी चालवणारे फिनलंड-स्वीडनचे रॅली ड्रायव्हर डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबायचे. इंजिनच्या जोराने पुढची चाकं फिरत राहायची, मागची धरायची, शेपूट सुटायचं आणि गाडी बर्फातल्या वळणावर झोकात वळायची. १९६५ ची माँटे कार्लो रॅली मिनीतून जिंकणारा टिमो मॅकिनेन यात पटाईत होता. मागे जास्त ब्रेक हवा ही मागणी त्या जगातली आहे. त्यांना शेपूट सुटायला हवं होतं! गारगोटीला सासऱ्यांकडे जाणाऱ्या माणसाला ते नको असतं.

मग ड्रम काढून डिस्क टाकल्यावर नेमकं काय होतं? ड्रमच्या आतला एक शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळत जातो, त्यामुळे थोड्या दाबात जास्त धरतो. डिस्कला तसं काही नसतं, तिला तेवढ्याच कामासाठी जास्त दाब किंवा मोठा पिस्टन लागतो. पण पहारेकरी व्हॉल्व्ह जुन्या ड्रमसाठी ठरवलेला. आता नशीब कुठे नेईल ते बघा. कॅलिपर लहान पडला तर मागचा ब्रेक आधीपेक्षाही कमी, हँडब्रेक घाटात गाडी धरत नाही, आणि खर्च करून तुम्ही मागे गेलात. कॅलिपर मोठा पडला तर पेडल खोल जातं, कारण मास्टर सिलिंडर तेवढं तेल ढकलायला बनलेला नाही, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होण्याची वेळ येते. म्हणजे घरच्या घरी सायटेशन.

"पण माझ्या गाडीला एबीएस आहे," असं पोलोवाल्याने म्हटलं. चांगली गोष्ट आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आणि सोबत येणारं ईबीडी हे त्या जुन्या व्हॉल्व्हचंच काम कॉम्प्युटरने करतं. मागचं चाक पुढच्यापेक्षा मंदावायला लागलं की मागचा दाब रोखतं. पण तो कॉम्प्युटर तुमच्या मूळ ब्रेकच्या हिशेबाने शिकवलेला असतो. आणि मागचा हबच बदलला तर चाकाचा वेग वाचणारा सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग जुळेलच असं नाही. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला की पहारेकरी घरी गेला असं समजा. काही ठिकाणी तो दिवाच काढून देतात, हेही मला माहीत आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. रंग बदलणं वगैरे किरकोळ गोष्टींची बाब वेगळी. पण पोलीस थांबवतो तेव्हा बघतो काय? काचेची फिल्म, सायलेन्सर, फॅन्सी नंबर प्लेट. मागचे ब्रेक बदललेले आहेत हे कोण तपासणार? खासगी मोटारीचं नोंदणीनंतर पुन्हा पासिंग होतं पंधरा वर्षांनी. तोवर ती गाडी दोन-तीन मालकांकडे फिरून येते, आणि तिसऱ्या मालकाला ब्रेकमध्ये कुणी हात घातलाय हे ठाऊकही नसतं. एखादा अपघात झालाच तर पंचनाम्यात "चालकाचा ताबा सुटला" एवढंच येतं. जॅक्सन साहेबांच्या कोर्टात अकरा लाख गाड्या आणि केंद्र सरकारचे वकील असून जे सिद्ध झालं नाही, ते आपल्या पंचनाम्यात कुठून येणार?

मला वाटतं, जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर होताना ब्रेकची तपासणी रोलरवर व्हायला हवी. चारही चाकांचा जोर वेगवेगळा मोजणारी ही यंत्रं नवीन नाहीत, फिटनेस केंद्रांत ट्रक-बसेससाठी वापरतात. मोटारींना लावायला अडचण इच्छेची आहे.

आता तिघांना दिलेला व्यावहारिक सल्ला. डिस्कच्या पैशात पुढचे पॅड आणि रोटर कंपनीच्या दर्जाचे घाला, कारण थांबवण्याचं तीन-चतुर्थांशाहून जास्त काम तेच करतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला, ते हवेतलं पाणी पितं आणि घाट उतरताना उकळतं. मागचे ड्रम उघडून साफ करा, व्हील सिलिंडर गळतोय का बघा, शू अ‍ॅडजस्ट करा. निम्म्या गाड्यांत "मागचा ब्रेक लागत नाही" या तक्रारीचं उत्तर इथेच सापडतं. स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह असेल तर तो हलतोय का ते मेकॅनिकला हाताने हलवून दाखवायला सांगा. आणि पैसे उरले तर टायर. टायर गुळगुळीत असताना ब्रेकवर खर्च करणारे लोक मला कळत नाहीत.

स्विफ्टवाल्याने ऐकलं, ड्रम साफ करून घेतले. पोलोवाला अजून विचार करतोय. आय-ट्वेंटीवाल्याने डिस्क टाकून घेतली आणि फोटो पाठवला. त्याला मी परत एकदा सांगितलंय: मोकळ्या, ओल्या मैदानात ताशी तीस-चाळीसला ब्रेक मारून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचार, आधी कुठली चाकं थांबली. एबीएसचा दिवा लागलाय का तेही बघ. मागची आधी थांबली तर काढून टाक.

ज्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातल्या मारुतीचं सर्व्हिस मॅन्युअल असेल त्यांनी ब्रेकच्या पानांचा फोटो कमेंटमध्ये टाका. त्या काळात मागच्या दाबाचा हिशेब कसा ठेवला होता ते बघायचंय मला.